नावावरचं टिंब

माझ्या आजोबांच्या हिशोबाच्या वह्या अजून चारठाण्याच्या घरात माळ्यावर आहेत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'नांव' असं लिहून पुढे स्वतःचं नाव, मग मुक्काम पोस्ट चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. 'ना'वर चांगलं टपोरं टिंब. आम्ही भावंडं शाळेत 'नाव' लिहायला शिकलो ते बिनटिंबाचं, त्यामुळे हे टिंब म्हणजे आजोबांची खास लकब, असं घरात सगळेच धरून चालायचे.

लकब नव्हती ती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. आधी चौदा होते, १९७२ मध्ये आणखी चार वाढले. त्यातला एक नियम असा की जो अनुस्वार उच्चारात नाही तो लिहायचा नाही. त्या नियमाने 'नांव'चं 'नाव' झालं, 'गांव'चं 'गाव' झालं आणि 'कांहीं'वरची दोन्ही टिंबं एका फटक्यात गेली. पण ते टिंब उगाच बसलेलं नव्हतं. संस्कृतातलं 'नाम' झिजत झिजत मराठीत आलं तेव्हा त्यातला 'म' विरघळला आणि जाताना नाकातला सूर तेवढा मागे ठेवून गेला. त्या सुराची खूण म्हणजे ते टिंब. पुढे सूरही गेला, मग खूणही गेली. आता आपलं नावही नाव आणि नदीतली नावही नाव. संदर्भाने कळतं, अडत काही नाही. असो.

टिंबाची एवढी चौकशी करायला मला भाग पाडलं ते मात्र फ्रेंच लोकांनी.

झालं असं, की माझी भाची, म्हणजे थोरल्या ताईची मुलगी, नवऱ्याबरोबर फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहते. तिला दिवस गेल्याचं कळलं आणि तीन-चार महिन्यांत 'मुलगी आहे' हेही कळलं. तिकडे ते सहज सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगणंही गुन्हा आहे आणि विचारणंही. का गुन्हा आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मग नावाची चर्चा सुरू झाली. फ्रान्समध्ये बाळ झाल्यावर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत जन्माची नोंद करावी लागते आणि त्या नोंदीत नाव द्यावं लागतं. (२०१६ पर्यंत तर तीनच दिवस मिळायचे.) आपला १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा या बाबतीत फार समजूतदार आहे. नावाची जागा कोरी ठेवून जन्म नोंदवता येतो, नाव पुढे वर्षभरात फुकट घालता येतं आणि त्यानंतरही विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत सवड असते. ताईला ही पाच दिवसांची अट कळली तेव्हा ती म्हणाली, "अगं, पाचवी पुजायच्या आधी नाव? सटवाईनं अजून कपाळावर लिहिलं नाही तोवर नगरपालिका लिहिणार?"

ताईच्या मनात 'रेणुका' होतं. माहूरची रेणुकामाता आमची कुलदेवी, त्यामुळे हे नाव कधी ना कधी येणारच होतं. भाचीला 'रेवा' आवडलं होतं. रेवा म्हणजे नर्मदा, दोन अक्षरं, कुणालाही म्हणता येईल असं. पण तिने ते रोमन लिपीत लिहून ऑफिसातल्या फ्रेंच मैत्रिणीला वाचायला दिलं, तर ती मैत्रीण म्हणाली, "रवा."

सगळ्या घराला दोन दिवस पुरला हा रवा. पण त्या मैत्रिणीची काही चूक नव्हती. रोमन लिपीतलं 'ई' हे अक्षर फ्रेंचमध्ये अशा जागी नुसतं आलं तर त्याचा उच्चार आखडलेल्या 'अ'सारखा होतो. 'ए' असा स्वच्छ उच्चार हवा असेल तर त्याच्या डोक्यावर उजवीकडे चढत जाणारी एक छोटी तिरपी रेघ द्यावी लागते. तेवढी रेघ दिली की रेवा. नाही दिली की रवा. 'रेणुका'ची अवस्था तर आणखी बिकट. 'रे'चा 'र' होतो, 'णु'चा 'न्यु' होतो (तोही ओठांचा चंबू करून), आणि 'ण' त्या लोकांकडे नाहीच. 'रन्युका' ऐकून ताई गप्प बसली.

तेव्हापासून मला या फ्रेंच खुणांचा नाद लागला. भाची फोनवर नावं सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायचो. फार मजेची गोष्ट आहे ही. आपल्याकडे वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार असतात तशा त्यांच्याकडे चढती रेघ, उतरती रेघ, टोपी, शेजारी शेजारी दोन टिंबं आणि 'सी' या अक्षराच्या पायाशी लोंबणारं शेपूट अशा पाच खुणा आहेत. प्रत्येकीचं काम ठरलेलं. 'फ्रांस्वा' या नावातल्या 'सी'ला शेपूट असतं, म्हणून तिथे 'स' वाचतात. शेपूट काढलं तर 'फ्रांक्वा' होईल. 'लोईक' नावातल्या 'आय'वर दोन टिंबं असतात. त्यांचा अर्थ असा की हा स्वर शेजारच्या स्वरात मिसळू नका, वेगळा म्हणा. टिंबं काढली की लोईकचा 'ल्वाक' होतो. 'आनाईस' या मुलीच्या नावाचंही तसंच, टिंबांशिवाय ती बिचारी 'आने' होऊन बसते.

टोपीची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. कारण ती पुष्कळदा गेलेल्या अक्षराची आठवण असते. हॉस्पिटल या शब्दातला 'स' फ्रेंचमध्ये कधीचाच बोलण्यातून गेला, आणि तो होता याची खूण म्हणून 'ओ'च्या डोक्यावर टोपी राहिली. 'नाम'मधला 'म' गेला आणि 'ना'वर टिंब राहिलं, अगदी तसंच. आपल्या १९६२ सारखी त्यांचीही एक सुधारणा १९९० साली झाली. काही ठिकाणची टोपी काढली तरी चालेल असं त्यात सांगितलं होतं. २०१६ साली ती पाठ्यपुस्तकांत येणार म्हटल्यावर तिकडे केवढा गदारोळ झाला! पण त्या सुधारणेत विशेषनामांना हात लावलेला नव्हता. 'बेनुआ' नावाच्या माणसाची टोपी त्याच्या डोक्यावर राहिली. आपल्याकडे उलट. शेवटचा इकार दीर्घ लिहा हा नियम व्यक्तिनामांनाही लागू, म्हणून 'हरि'चा 'हरी' झाला. तरी 'रवि' आणि 'हरि' सही करताना आपली ऱ्हस्व वेलांटी सोडत नाहीत ती नाहीतच. :)

आता अर्थ. ताईचा पहिला प्रश्न कायम तोच असायचा, "ते सगळं खरं, पण अर्थ काय?" तर ही माझ्या वहीतली यादी. झोए म्हणजे जीवन, मूळ ग्रीक. क्लोए म्हणजे कोवळा हिरवा कोंभ, आपली पल्लवी. इरेन म्हणजे शांता. ओरेली म्हणजे सुवर्णा. मेलानी म्हणजे काळीसावळी, आपली श्यामा. स्तेफान म्हणजे मुकुट. फेलिक्स म्हणजे सुखी. तेओदोर आणि दोरोते या दोन नावांत तेच दोन ग्रीक शब्द उलटसुलट जोडलेले आहेत आणि दोन्हींचा अर्थ देवाने दिलेला, म्हणजे देवदत्त. रेने म्हणजे पुन्हा जन्मलेला. नोएल म्हणजे नाताळ. गोकुळाष्टमीला झालेल्या मुलाला आपण गोकुळ म्हणतो तसं. एमे म्हणजे लाडकी. (यावर आमचे मेव्हणे म्हणाले, "जन्मतःच एम्. ए.? मग शिकवायचा खर्चच वाचला.") आणि सेसील म्हणजे, लॅटिनमधून आलेला त्याचा अर्थ लावला तर, आंधळी. शेकडो वर्षं लोक मोठ्या प्रेमाने मुलींना हे नाव ठेवत आले आहेत. सेंट सेसिलिया ही संगीताची संत, तिच्यासाठी ठेवतात, कोशातल्या अर्थासाठी नाही.

यादीत देझिरे हेही नाव आलं. नेपोलियनचं लग्न आधी जिच्याशी ठरलं होतं ती देझिरे क्लारी. मार्सेयच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. ते लग्न मोडलं, तिने १७९८ साली बेर्नादोत नावाच्या सेनानीशी लग्न केलं, आणि तोच पुढे स्वीडनचा राजा झाल्यामुळे ही स्वीडनची राणी झाली. देझिरे म्हणजे जिची इच्छा धरली होती ती. हवी असलेली. मी वहीत अर्थ लिहिला 'हवीशी', आणि पुढचं नाव लिहायला जमेना.

कारण माझ्या आत्याचं नाव नकुसा आहे.

आत्या आजोबांची चौथी मुलगी. तीन मुलींच्या पाठीवर चौथी मुलगीच झाली म्हणून नाव नकुसा. आता नको, पुरे, असं देवाला कळवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. तिच्या पाठीवर माझे वडील झाले. गाव म्हणालं, नाव लागू पडलं. माझा जन्म, या लेखाची सही, सगळं त्या नावाच्या पलीकडून आलेलं आहे. आणि 'नांव' लिहिताना जे टिंब द्यायला एकदाही चुकले नाहीत, त्याच आजोबांनी हे नाव ठेवलं. आजोबा वाईट नव्हते. आत्याला त्यांनी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, लग्नात हात आखडता घेतला नाही. फक्त हाक मारली की रोज एकदा सांगितलं, की तू नको होतीस.

वाईट अर्थाची नावं आपल्याकडे आणखीही आहेत. धोंडो, दगडू, केरबा. मुलं जगत नसली की असलं नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मृत्यूचं लक्ष जाणार नाही. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडोच. पण धोंडो आणि नकुसा यांना एका माळेत ओवता येत नाही. धोंडो हे हव्या असलेल्या मुलाला लपवून ठेवायला घातलेलं गोधडं आहे. नकुसा म्हणजे अंगावरची गोधडी काढून घेणं. कोशात दोन्ही अर्थ वाईटच, पण पाळण्याच्या दोरीला कोणाचा हात आहे यावर सगळं अवलंबून.

आत्याचं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहिलं. बायकोचं नाव बदलायची ही चाल मला अजिबात पटत नाही, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण आत्या एकदा म्हणाली होती, "मला तं सुटल्यावानी झालं बाबा." त्या दिवसापासून सासरी तिला कोणी नकुसा म्हटलं नाही. कागदांनी मात्र म्हटलं. कागद सासरी जात नाहीत, जिथल्या तिथेच राहतात.

काही वर्षांपूर्वी तिला वयाचा दाखला हवा होता. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात, सरकारी भाषा उर्दू, नोंदी उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, पण जुनी दप्तरं होती तशी राहिली. (२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा या उर्दू आणि मोडी कागदांची किंमत सगळ्या महाराष्ट्राला कळली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती आधीपासून माहीत होती.) तर खूप खेटे घालून एका कचेरीतून नक्कल मिळाली. ती वाचायला उर्दू जाणणारे एक निवृत्त गुरुजी गाठले. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हे नक्शा आहे का?"

त्यांनी नीट समजावून सांगितलं. उर्दूत आ, ई, ऊ असे लांब स्वर अक्षरांनी लिहितात, पण अ, इ, उ हे छोटे स्वर जेर, जबर आणि पेश या खुणांनी दाखवतात. आणि घाईत लिहिणारा कारकून या खुणा देतच नाही, वाचणाऱ्याला शब्द माहीत असेल असं धरून चालतो. इथे 'न', 'क', 'श' आणि 'आ' एवढंच होतं. 'क'वर पेश असती तर नकुशा. ती नाही, म्हणून नकशाही वाचता येईल, निकशाही. गुरुजी म्हणाले, "नक्शा म्हणजे नकाशा. त्याचा 'क' वेगळा असतो, पण लिहिणाऱ्यानं साधा लिहिला असेल." मी आत्याकडे पाहिलं. ती पदरात तोंड लपवून हसत होती. एका न दिलेल्या खुणेमुळे ती सत्तर वर्षं सरकारदरबारी नको असलेली नव्हती, नकाशा होती.

पण खूण नसली की नेहमीच असं बरं होत नाही. खूण ही हाक कशी मारायची याची लिहून ठेवलेली आठवण असते. ती कोणी ठेवायची आणि कोणी पुसायची, हे बहुधा नाव असलेला माणूस ठरवत नाही, रजिस्टर ज्याच्या हातात आहे तो ठरवतो. गोव्यात पोर्तुगीज काळात 'जुआंव' नावातल्या 'ए'च्या डोक्यावर एक नागमोडी रेघ असायची. तिचं काम आपल्या अनुस्वाराचंच, नाकातला सूर दाखवायचा. १९६१ नंतर कारभार इंग्रजीत आला, इंग्रजी टंकयंत्रावर ती रेघ नव्हती, आणि परगावच्या माणसाच्या तोंडी जुआंवचा 'जोआओ' झाला.

आणि गंमत बघा, खुद्द फ्रान्समध्ये याच नागमोडी रेघेवरून खटला झाला. तिथे १८०३ च्या कायद्याने नावं फक्त पंचांगातल्या संतांची नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसांची ठेवायला परवानगी होती. १९९३ साली आईबापांना मोकळीक मिळाली. पण खुणांची मोकळीक नाही मिळाली. २०१४ च्या एका सरकारी परिपत्रकात नावात कोणत्या खुणा चालतील त्याची यादीच दिली. ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेत फ्रांस्वाला फांश म्हणतात आणि त्यातल्या 'एन'वर ती नागमोडी रेघ असते. ती यादीत नव्हती. २०१७ मध्ये कँपेर गावात एका बाळाचं नाव फांश ठेवलं, आणि तिथल्या न्यायालयाने रेघ नाकारली. २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने ती मान्य केली, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवर सरकारी वकिलाचं अपील तांत्रिक कारणाने फेटाळलं गेलं. तोवर बाळ दोन वर्षांचं होऊन गेलं. ब्रेटनमध्ये ती रेघ आधीच्या स्वराला नाकात न्यायला सांगते. म्हणजे एका अनुस्वारासाठी आईबाप दोन वर्षं कोर्टाची पायरी चढत होते. आणि आपण 'नांव'वरचं टिंब कधी गेलं हे विचारलंसुद्धा नाही.

तरीही त्या फ्रेंच कायद्यातली एक गोष्ट मला आत्यासाठी हवी होती. १९९३ पासून तिथे असं आहे, की नाव मुलाच्या हिताविरुद्ध आहे असं नोंदणी अधिकाऱ्याला वाटलं तर तो ते सरकारी वकिलाला कळवतो, आणि प्रकरण न्यायाधीशापुढे जाऊ शकतं. एका जोडप्याने मुलीचं नाव चॉकलेटच्या लेपावरून न्युटेला ठेवलं होतं. २०१४ साली न्यायालयाने ते बदलून एला केलं. पोरीला लोक हसतील म्हणून. आपल्याकडे नकुसा नावावर कोणत्या कारकुनाने पेन थांबवलं? ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात सरकारी पुढाकाराने समारंभ करून 'नकोशी', 'नकुसा' अशा नावांच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली होती. तिने एकच विचारलं, "त्यायनी सोताच निवडले का नावं?" बऱ्याच जणींनी स्वतःच निवडली होती. ती म्हणाली, "मंग बरं झालं."

तर देझिरे. अर्थ लिहिल्यावर मी तो लगेच कोणाला सांगितला नाही. दिवाळीत चारठाण्याला गेलो होतो. आत्याही माहेरपणाला आली होती, ऐंशी ओलांडली तरी दिवाळी चुकवत नाही. संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला, सगळे फोनभोवती गोळा झाले आणि पुन्हा नावं सुरू झाली. मी वही काढली आणि झोए, क्लोए करत करत देझिरेपर्यंत आलो.

"दे जिरे?" मेव्हणे म्हणाले, आणि एकच हशा पिकला.

हसणं ओसरल्यावर ताईने सवयीने विचारलं, अर्थ काय. मी सांगितला. हवीशी. मुलगी हवी होती, झाली, म्हणून असं नाव ठेवतात. जुनं नाव आहे, राणीचं होतं.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आसं बी नाव आसतंय व्हय?"

कोणी काही बोललं नाही. तिकडे ल्योंला भाचीही बोलली नाही. मग आत्यानेच विषय बदलला, तिकडं थंडी कितीक आहे विचारलं.

बाळ जानेवारीत झालं. जावई तिसऱ्याच दिवशी नगरपालिकेत गेले. तिथल्या जन्मनोंदीत आईबापांचं जन्मगावही लिहितात. भाचीचा जन्म आजोळचा, म्हणजे चारठाण्याचा. अधिकारी बाईंनी पासपोर्टावरची अक्षरं वाचून 'शार्ताना' असा उच्चार केला, तो त्यांच्या भाषेच्या रीतीने बरोबरच होता. रोमन लिपीत 'ठ' आणि 'ण' लिहायचे तर त्यांच्या पायाशी टिंबं द्यावी लागतात. संस्कृत शिकणाऱ्या युरोपातल्या पंडितांनी १८९४ साली जिनिव्हात भरून तशा खुणा ठरवल्या, पण त्या पुस्तकांत राहिल्या, पासपोर्टापर्यंत आल्या नाहीत. आमच्या गावातली जुनी देवळं, बारव आणि तो उंच दगडी स्तंभ शतकानुशतकं ज्या नावाच्या गावात उभे आहेत, ते नाव ल्योंच्या दप्तरात शार्ताना म्हणून वाचलं जाणार. चालायचंच.

मुलीचं नाव मात्र खुणांसकट नोंदवलं. तिकडे एका माणसाला दोन-तीन नावं देण्याची पद्धत आहे. पहिलं नाव रेवा, 'ई'वर चढत्या रेघेसह, म्हणजे शाळेत बाई हजेरी घेताना रवा म्हणणार नाहीत. दुसरं नाव देझिरे, त्यातही दोन रेघा आहेत. हे दुसरं नाव भाचीने कोणाला न विचारता घातलं. आणि बाराव्या दिवशी तिच्या नणंदेने पाळण्यापाशी बाळाच्या कानात 'रेणुका' सांगितलं. ते कुठल्याच कागदावर नाही, त्यामुळे त्याच्या खुणा पुसायची कोणाला सोय नाही. ताईचंही समाधान झालं.

कागदाचा फोटो आला तेव्हा मी तो आत्याला दाखवायला घेऊन गेलो. तिला वाचता येत नाही, पण मी बोट ठेवून तिरप्या रेघा दाखवल्या. ही रेघ असली की रेवा, नसली की रवा. आणि हे बघ, हे दुसरं. तिने मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघत राहिली. तेवढ्यात मी सांगितलं, की पासपोर्टात तळाला यंत्राने वाचायची जी ओळ असते तिच्यात या रेघा मावत नाहीत, तिथे जगभर नुसती साधी रोमन अक्षरं छापतात. म्हणजे विमानतळावरचा माणूस हिला कदाचित रवाच म्हणेल.

आत्याने फोन परत दिला. म्हणाली, "रवा झाला, जिरे झालं. आता फोडणीला मव्हरी तेवढी ऱ्हायली."

आणि इतकी हसली, इतकी हसली, की सूनबाई आतून काय झालं म्हणून बघायला आल्या.